थांबलेल्या कनूतून

प्रश्न : ताई, आम्ही चौघं. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि पाच वर्षांचा मुलगा. शहराला लागून एक संथ नदी आहे, तिथे भाड्याने कनू, म्हणजे वल्ह्यांनी चालवायची अरुंद होडी, मिळते. मुलांनी पाखरं आणि प्राणी बघावेत म्हणून मागच्या महिन्यात हौसेने गेलो. निघेपर्यंत सकाळचे दहा वाजले. काय काय दिसायला हवं याची यादी नवऱ्याने आदल्या रात्रीच करून ठेवली होती. दोन तासांत मोठा पल्ला मारला, पण दिसलं जवळजवळ काहीच नाही. जे दिसलं ते आम्ही पोचायच्या आत उडालं. मुलगा कंटाळून रडायला लागला आणि नवरा ‘तुम्ही गप्प बसत नाही म्हणून’ असं म्हणत राहिला. शेवटी लेक एकदम उठून उभी राहिली, ‘पाण्यात साप आहे, त्याला चोच आहे!’ असं ओरडत. कनू अशी कलंडली की माझ्या काळजाचं पाणी झालं. उलटली नाही, एवढंच. तिच्या सापाला बाबा हसले आणि ती घरी येईपर्यंत कुणाशी बोलली नाही. आता नवरा म्हणतो, पुन्हा जायचं नाही. सासूबाईंना खरं तर यायचं होतं, त्यांना मीच ‘तुम्हाला झेपणार नाही’ म्हणून घरी ठेवलं, तेही मनाला लागून राहिलंय. मुलांना घेऊन असं काही करावं का, की हा नाद सोडून द्यावा?
– एक आई

उत्तर : नाद सोडू नका. पण मागच्या वेळी गेलात तसं पुन्हा जाऊही नका.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात वल्हवणं आहे, पल्ला आहे, यादी आहे, रडणं आहे. थांबणं मात्र कुठेच नाही. दोन तासांत तुमची कनू एकदाही उभी राहिलेली दिसत नाही, आणि तुमच्या बहुतेक तक्रारींचं मूळ मला तिथेच दिसतं.

कनूला इंजिन नसतं आणि ती अगदी उथळ पाण्यातही तरंगते. काठावरची पायवाट जिथे संपते त्याच्या पुढच्या काठाशी, गवताच्या बेटाआड, पाण्यात कोसळलेल्या एखाद्या झाडाशेजारी ती अलगद नेऊन उभी करता येते. तिथे ती निश्चल राहिली की थोड्या वेळात पाखरांच्या लेखी तिचा ओंडका होतो. हलत राहिली, दोन्ही बाजूंनी वल्ही वरखाली होत राहिली, तर तीच त्यांना अंगावर चालून येणाऱ्या जनावरासारखी दिसते. तुमच्या पुढ्यातून उडालेली पाखरं मुलांच्या बडबडीपेक्षा या हालचालीने उडाली असणार. तेव्हा सगळ्यात आधी मुलांवरचा तो आळ काढून टाका.

पुढच्या वेळी अर्धा-एक किलोमीटरचा काठ पुरे. ओढा येऊन मिळतो ती जागा, चिखलाचा उतरता काठ, पाण्यावर झुकलेली वाळकी फांदी, अशा दोन-तीन जागा निवडा आणि प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं थांबा. घड्याळ लावून थांबा, कारण नव्या माणसाला पाच मिनिटांतच वाटायला लागतं की इथे काही नाही. थांबायचं ते काठालगतच्या संथ पाण्यात. फांदीला धरून थांबू नका. फांदी हातात राहते, कनू खालून सरकते आणि सगळे एका अंगाला कलतात. शिवाय प्रवाहात आडवं पडलेलं झाड पाणी जाऊ देतं, कनू आणि माणूस मात्र अडकवून ठेवतं. अशा झाडाच्या वरच्या अंगाला जाऊच नका.

त्या वीस मिनिटांत काय होतं? आधी चतुर परत येतात, एखादा तर वल्ह्याच्या टोकावरच बसतो. तुम्ही येताना ओंडक्यावरून डुबुक करून गेलेलं कासव आठवा. त्याला अंगातली ऊब बाहेरून, उन्हातूनच मिळवावी लागते, त्यामुळे ते फार वेळ ओंडक्याशिवाय राहू शकत नाही. आधी पाण्यावर एवढंसं टोक दिसतं, बोराच्या बीएवढं. ते नाक. टोक जिथल्या तिथे राहतं, मग डोळे वर येतात, मग ते पुन्हा बुडतं आणि ओंडक्याच्या अगदी कडेला उगवतं. पुढचे दोन पाय वर, मान लांब, एक प्रयत्न फसतो, घसरून पाण्यात पडतं, पुन्हा चढतं. तुमचा पाच वर्षांचा मुलगा हे बघताना रडणार नाही, हे मी खात्रीने सांगते. खंड्याचंही तसंच. त्याच्या ठरलेल्या फांद्या असतात आणि तो त्यांच्यावर परत येतो. मासा धरून आणला की आधी फांदीवर आपटतो, मग फिरवून डोक्याकडून गिळतो, म्हणजे खवले आणि कल्ले घशात उलटे अडकत नाहीत. खंड्या तुमच्यापुढे एका फांदीवरून दुसरीवर असा पळत राहिला, तर त्याचा पाठलाग करू नका. त्याच्या हद्दीचा शेवट आला की बहुधा तोच वळसा घालून तुमच्या मागे जातो. तेवढ्या धावपळीत त्याची मासेमारी मात्र बुडते.

वेळही बदला. दहा फार उशीर. उजाडताच पाण्यावर असा, म्हणजे ऊन चढायच्या आत परतता येईल. ऊन वाढतं तसा वारा वाढतो आणि रुंद पाण्यावर छोट्या लाटा उठल्या की दोन मुलांसकट कनू सरळ ठेवणं जिवावर येतं. जाताना प्रवाहाच्या आणि वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे दमलेले असताना येणं सोपं. पहाटेची आणखी एक गंमत मुलांना सांगा. पाण्यालगतची हवा गार आणि वरची उबदार असली की आवाज वर निघून न जाता खाली वळतो आणि पाण्यावरून दूरवर जातो. पलीकडच्या काठावरची कुजबुजही ऐकू येते. म्हणजे आपलीही जाते. कनूत सगळ्यात मोठा आवाज माणसांचा नसतोच, तो वल्हं कडेवर आदळल्याचा असतो. ‘गप्प बसा’ म्हणण्यापेक्षा ‘वल्हं कडेला लागू द्यायचं नाही’ हा खेळ लावा, त्यात मोठे आधी हरतात.

एक मर्यादा मात्र कडक पाळा. पाखरू खायचं थांबलं, मान ताठ करून तुमच्याकडे बघू लागलं, इकडून तिकडे चालू लागलं, की तुम्ही हवं त्याहून जवळ आलात. तिथून एक हातही पुढे नाही. टिबुकलीचं घरटं पाण्यातल्या वनस्पतींना अडकवलेलं, तरंगतं असतं. घरट्यावरून उठताना ती चोचीने शेवाळ आणि पानं ओढून अंडी झाकते आणि मगच पाण्यात उतरते. कनू अचानक अंगावर आली तर ते झाकणं राहून जातं, आणि कावळ्याला उघडी अंडी दिसायला एक क्षण पुरतो. ‘थोडं आणखी जवळून फोटो’ हा मोह इतका महाग पडतो. लेकीला हे सांगा, नऊ वर्षांच्या मुलीला ते पुरेपूर समजतं. पाखरांना खायला टाकणंही नको.

आता त्या कलंडण्याबद्दल. इथे मी जरा लांबण लावणार आहे.

माझी मुलगी सहा वर्षांची असताना आम्ही असेच गेलो होतो. पाणी आरशासारखं होतं, काठ दिसत होता, लाइफ जॅकेटं बाकाखाली होती. गरम होतं म्हणून काढून ठेवलेली. तिने पाण्यात हात घातला, मी तिला धरायला त्याच बाजूला झुकले आणि कनू उलटली. पाणी माझ्या कमरेएवढं होतं म्हणून आज हे लिहितेय. ती पाण्याखाली होती तेवढ्या वेळात तिचा एकही आवाज आला नाही, हे मला अजून आठवतं. बुडणारं मूल हाका मारत नाही. तोंड पाण्यावर आलं की श्वास घेण्यातच ते गुंतलेलं असतं, आणि हात वर हलण्याऐवजी पाणी खाली दाबत राहतात. ही धडपड 20 ते 60 सेकंद टिकते. तेवढ्या वेळात बाकाखालचं जॅकेट कुणालाही घालता येत नाही.

म्हणून जॅकेट काठावरच घालायचं आणि काठावर परत आल्यावरच काढायचं. सगळ्यांनी, पोहता येणाऱ्या बाबांनीही. त्यांनाच तर मुलांना धरायचंय. मुलांचं जॅकेट वजनाप्रमाणे निवडा. ते फोमचं असावं, हवा भरायचं नको. धाकट्याच्या जॅकेटला पायांमधून येणारा पट्टा आणि मानेमागे उशी हवीच. घालून झालं की खांद्यांशी धरून वर उचलून बघा. कानांपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, भाड्याने देणाऱ्याकडे दुसरं मागा. नसेल, तर त्या दिवशी पाण्यावर जाऊ नका, कितीही लांबून आलेले असलात तरी. आणि मुलाला कनूला कधीही बांधू नका. भीतीपोटी तसं करणारे पालक मी बघितलेत. उलटलेल्या कनूखाली बांधलेलं मूल राहतं.

बसणं असं : दोन मोठे दोन टोकांना, मुलं मधे, तळाशी, मांडी घालून. वजन जितकं खाली तितकी कनू स्थिर. सगळे बसल्यावर पाण्यापासून कनूची कड वीतभर तरी वर राहिली पाहिजे. चढता-उतरताना एका वेळी एकच जण, वाकून, दोन्ही कडा हातांनी धरून, पाऊल मधल्या रेषेवर. पहिला अर्धा तास काठाशी, गुडघाभर पाण्यात घालवा आणि मुद्दाम कनू उलटवून बघा. मुलांना तो खेळ वाटतो, पण उलटल्यावर काय करायचं हे अंगात मुरतं : कनू सोडायची नाही, तिला धरून राहायचं, आणि मोठ्याने एक-दोन-तीन-चार मोजायचं. प्रत्येकाचा आकडा ठरलेला. पाणी गार असेल तर ओल्या मुलांना लगेच कोरडं करा. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने ओढून घेतं आणि लहान अंग फार लवकर गारठतं.

लेक उभी राहिली याला उपाय मात्र रागावणं नाही. ती उभी राहिली कारण जे दिसलं ते दाखवायचा दुसरा मार्ग तिच्याकडे नव्हता. तिला घड्याळाची भाषा शिकवा. कनूचं पुढचं टोक म्हणजे बारा, उजवा हात तीन, डावा हात नऊ. ‘दोन वाजता, वाळक्या फांदीखाली’ एवढं हळू आवाजात म्हटलं की चारही डोकी तिकडे वळतात, कुणाला उठावं लागत नाही. धाकट्याला घड्याळ कळत नसेल, तर त्याला मूठ वर करून ‘थांबा’ म्हणायचा हक्क द्या. त्याची मूठ वर गेली की वल्ही थांबली पाहिजेत, मग त्याला बगळा दिसलेला असो की तरंगणारं पान. दुर्बीण एकच घ्यायची असेल तर 8×42 घ्या, म्हणजे आठपट मोठं दिसणारी आणि पुढचं भिंग 42 मिलिमीटरचं. यापेक्षा जास्त पट घेतलीत तर कनूच्या झुलण्याने चित्र नाचत राहतं. धाकट्याला ती धरवणार नाही, त्याला दोन मुठींची दुर्बीण पुरते. तीतून एकाच जागी बघायची सवय लागते, तेवढंच आपल्याला हवंय. आणि दीड तासाच्या वर नको. मधे एकदा काठावर उतरून पाय मोकळे करा.

पाणी शहराजवळचं आहे म्हणून आणखी थोडं. मोठा पाऊस झाल्यावर दोन-तीन दिवस जाऊ नका, सगळी गटारं नदीत उतरलेली असतात. जखमा झाकून घ्या, खाण्याआधी साबणाने हात धुवा. अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, तेव्हा नंतरच्या काही आठवड्यांत कुणाला ताप आला तर डॉक्टरांना ‘नदीवर गेलो होतो’ हे आपणहून सांगा. वर धरण असेल तर पाणी कधी सोडतात ते विचारा. बंधाऱ्यापासून लांब राहा. वरून तो शांत रेघेसारखा दिसतो, पण खाली पाणी गोल फिरत माणसाला पुन्हा पुन्हा आत खेचतं, जॅकेट घातलेल्यालाही. मगरींचा वावर आहे असं काठावरचं कुणीही म्हणालं, तर कनू नको, काठावरून उंच जागेवरून बघा. मेघगर्जना ऐकू आली की ताबडतोब पाण्याबाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी परत नाही.

तुमच्या यजमानांबद्दल. तुम्ही त्यांच्यावर चिडलेल्या आहात, पण आदल्या रात्री बसून यादी करणाऱ्या माणसाला यात रस नाही असं कसं म्हणायचं? त्यांना यायचंच होतं. त्यांची अपेक्षा उघड्या पाण्यावर आपटली आणि तो राग मुलांवर निघाला. ते एकटे असताना, मुलांसमोर नाही, त्यांना एवढंच म्हणा : ‘यादी या वेळी परत आल्यावर करूया.’ वही त्यांच्याकडेच द्या. किती वाजता, कुठल्या वळणावर, काय, किती, काय करत होतं. त्याच काठावर महिन्याने गेलात तर त्या वहीला अर्थ येतो. वारकरी पक्षी वाढले की कमी झाले, टिबुकलीच्या पाठीवर पिल्लं आली का, पाण्यालगतच्या दगडावर माशांच्या खवल्यांनी भरलेली विष्ठा दिसली का. ती दिसली तर तिथे पाणमांजर येऊन गेलंय, मग ते स्वतः कधीच न दिसलं तरी चालेल. मोजायची आवड असलेल्या माणसाला हे काम फार मानवतं.

सासूबाईंना या वेळी न्याच. पाच जण एका कनूत मात्र नाही, त्यात तडजोड करू नका. उतरायच्या जागेजवळ काठावर त्यांच्यासाठी पाठीला टेकू असलेली खुर्ची ठेवा, दुर्बीण त्यांच्या हातात द्या आणि पहिल्या फेरीत धाकट्याला त्यांच्यापाशी बसवा. तुम्ही, लेक आणि बाबा जाऊन या. दुसऱ्या फेरीत धाकटा कनूत येईल, तेव्हा लेकीला किंवा तुम्हाला त्यांच्याजवळ थांबता येईल. काठावर तासभर शांत बसलेल्या माणसाला पाण्यावरच्यांपेक्षा जास्त दिसलेलं मी कितीदा पाहिलंय. रुंद, सपाट तळाची होडी आणि वल्हवणारा जाणता माणूस मिळत असेल, तर त्या स्वतःही पाण्यावर जाऊ शकतील. झेपेल की नाही हे त्यांनी काठावर उभं राहून ठरवायचं. तुम्ही घरात बसून ठरवलंत, तेच तुमच्या मनाला लागलंय. त्यांना तसं सांगून टाका.

आणि आता तो चोच असलेला साप.

तुमच्या लेकीने बहुतेक तिरंदाज पाहिला. सर्पपक्षी असंही त्याला म्हणतात. पाणकावळ्याचा हा नातलग पोहताना सगळं अंग पाण्याखाली ठेवतो, कारण त्याची पिसं पाणी शोषून जड होतात. वर राहते ती फक्त लांब, बारीक, वळवळणारी मान आणि तिच्या टोकाला सुईसारखी सरळ चोच. लांबून बघणारा कुणीही साप म्हणेल. चोच दिसायला नीट बघावं लागतं, तिने नीट बघितलं. त्याच्या मानेला एक बाक असतो, तिथून तो मान झटक्यात पुढे फेकतो आणि पाण्याखाली मासा चोचीवर टोचून घेतो. मग वर येऊन मासा हवेत उडवतो आणि डोक्याकडून गिळतो. पिसं भिजल्यामुळे नंतर त्याला जवळच्या वाळक्या फांदीवर पंख पसरून बराच वेळ बसावं लागतं.

तिला हे बाबांनी सांगावं, असं मला वाटतं. ‘तुझं बरोबर होतं, मी हसायला नको होतं’ इतक्या साध्या शब्दांत. मग त्याच जागेवर तिला घेऊन जा, कुठे थांबायचं ते तिला ठरवू द्या, आणि आसपास पाण्यावर वाळकी फांदी कुठे आहे ते आधी बघा.